हात न उचलणारी मावशी

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या मावशीच्या तोंडून ज्याने एकदाही ‘नाय’ ऐकलेलं नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. डॉक्टर म्हणाले चष्मा लावा, नाय. गाडीत कोणी सरकून जागा दिली, नाय. रोहा हे गाडीचं शेवटचं स्टेशन असलं तरी ही पेणपासून दारापाशी उभी, का तर उतरायला बरं पडतं. लग्नात दुसऱ्या लाडवाला नाय, आणि वाढणारा खरंच पुढे गेला तर ‘धड विचारलं पण नाय’ ही तक्रार वर. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती पदवीचा फॉर्म आणायला गेली तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने प्रेमाने विचारलं, “आजी, नातवासाठी का?” “आजी असंल तुझ्या घरात,” मावशी म्हणाली, “फॉर्म माझा हाय.” तो बिचारा पुढे तीन वर्षं तिला ‘मॅडम’ म्हणत होता.

मावशी पेणच्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. अंगाचा रंग कोणीही देईल, आखणीला मात्र हात लागतो, आणि तो हात तिच्याकडे माझ्या आजोबांकडून आला. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा आजोबांचा हात थरथरायला लागला. “दोन महिने बस माझ्या जागेवर, हंगाम सरला की जा परत,” ते म्हणाले. हंगाम दरवर्षी येतो, हे दोघांनाही माहीत होतं. जागेबरोबर त्यांनी तिला एकच नियम दिला. डोळ्याची रेघ एका दमात काढायची, मधे कुंचला उचलायचा नाही. उचलला की नजर फाटते. त्या नियमावर तिने तेहेतीस वर्षं काढली आणि मग अर्धवट राहिलेलं कॉलेज पुरं करायला निघाली. बाकीचे सगळे विषय सुटले, बीजगणित दोनदा राहिलं. तिसरी खेप शेवटची होती. त्यातही गेली तर नोंदणी रद्द आणि पदवी पुन्हा पहिल्यापासून. मी रोह्याच्या कॉलेजात गणित शिकवते, म्हणून दर रविवारी ती नखांत रंग घेऊन माझ्याकडे यायची. शिकायला यायची म्हणणं धाडसाचं होईल, भांडायला यायची.

बहुपदींच्या आलेखांच्या बाबतीत तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतंच. मी म्हणायचे, किमतींचा तक्ता कर, बिंदू मांड, मग जोड. “ठिपके कशाला? रांगोळी हाय काय?” सगळ्यात मोठा घात सम की विषम, त्याच्यापुढे चिन्ह कुठलं, एवढं पाहून ती आलेखाची दोन्ही टोकं कुठे जाणार ते ठरवायची, मुळांवर, म्हणजे आलेख अक्षाला भेटतो तिथे, खुणा करायची, श्वास रोखायची आणि सबंध वक्र एका दमात कागदावर उतरायचा. एखादं मूळ दोनदा आलं की आलेख अक्षाला नुसता टेकून मागे फिरतो, हे माझ्या मुलांच्या डोक्यात वर्ष संपलं तरी शिरत नाही. मावशीने एकदाच पाहिलं. “खालची पापणी गो. टेकते, कापत नाय.” तेव्हापासून मी वर्गात हेच सांगते. तिची परवानगी घेतलेली नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

घोडं अडलं ते परिमेय फलांपाशी. एक बहुपदी वर, एक खाली, आणि छेद शून्य झाला की तिथे उत्तरच नाही. साधं एक भागिले ‘क्ष वजा दोन’ घ्या. आलेखाची डावी फांदी दोनजवळ येता येता पाताळात उतरते, उजवी आकाशातून खाली येते, आणि बरोबर दोनवर काहीच नसतं. मावशी डावी फांदी अशी सुरेख काढायची की बघत राहावं, आणि मग हात न उचलता पाताळातून थेट आकाशात उभी रेघ ओढायची. दोन्ही वेळा तिला याच रेघांनी बुडवलं होतं.

“मावशी, इथे हात उचल.”

“नाय.”

“अगं, परीक्षक मार्क कापतो.”

“कापू दे. त्याने कधी डोळा आखलाय?”

“मग हो नापास!” मी चिडून म्हटलं. तिने वही मिटली. “बाबांनी सांगितलंय हात उचलायचा नाय. तुझ्या त्या छेदापायी त्यांचा शब्द मोडू?” त्यानंतर दोन रविवार ती फिरकली नाही.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा मीच पेणला गेले. ती कारखान्यात एका मूर्तीसमोर बसली होती. मला पाहूनही न पाहिल्यासारखं करून तिने श्वास धरला, डावा डोळा आखला, कुंचला उचलून रंगात बुडवला आणि सोंडेच्या पलीकडे उजवा डोळा सुरू केला. मी गणिताची बाई, आणि इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

“मावशी, आत्ता हात उचललास.”

“कधी?”

“दोन डोळ्यांच्या मधे.”

उजवा डोळा पुरा झाल्यावर ती मूर्तीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हरवणार होते. “मग हे आधी सांगायचं ना गो!” ती खेकसली. “फांद्या फांद्या काय लावलंयस? हे दोन डोळे हायत. तुला शिकवता येत नाय.” आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तिने आलेख काढला. डावी फांदी एका दमात, हात वर, उजवी फांदी एका दमात. मधे मी तुटक रेघ काढून दाखवली आणि म्हटलं, इथे काही नाही. “काय नाय कसं?” मावशी म्हणाली. “मधे सोंड हाय.”

पेपरात तिने हात उचलला आणि काठावर का होईना, पास झाली. कारखान्यात पेढा खायला आलेली शेजारीण म्हणाली, “चांगलं झालं, पण मधली तेहेतीस वर्षं फुकट गेली गो.” “फुकट कुठली? गणपती काय तू आखलेस?” मावशीने तिला धुऊन काढलं. शेजारीण गेल्यावर ती मूर्तीसमोर बसली. मी धीर करून विचारलं, “मावशी, आजोबांचा कधी राग येतो का गं?” ‘नाय’ येणार म्हणून मी वाट बघत राहिले. तिने कुंचल्याचं टोक सावकाश पुसलं.

“व्हय,” ती म्हणाली. “जरासा.”

मग तिने श्वास धरला आणि पुढचा डोळा घेतला. रेघ पुरी होईपर्यंत मीही श्वास सोडला नाही.