दवाखान्यातली फरशी

त्या सांजेले आम्ही दोघं नवराबायको मेथीच्या जुड्या बांधत होतो. बुढीची बोटं सुजलेली, म्हणून ती गाठ दातानं आवळे. माझी जुडी पाहून हसली. "तुमच्या जुडीचं लुगडं सुटून राह्यलं." मी पाण्याचा लोटा पुढं केला. तिनं मागं सरकवला. "उद्या मालेगावचा बाजार हाय. तिथं कुठं जाऊ?"

भाजीवाल्या बायका अशाच. बाजारात बायकायले संडास नाही, म्हणून आदल्या सांजेपासूनच घोटभर पाणी पीत नाहीत.

तिच्या लघवीची आग कैक वर्षांची. घडोघडी जाणं, कधी रक्त. मालेगावच्या डॉक्टरनं दर खेपेले त्याच गोळ्या दिल्या. एकदा त्याच्या दवाखान्यात रांगेत बसली असताना तिनं आतला संडास मागितला.

"तो घरच्यांसाठी आहे," डॉक्टर म्हणाला.

तिले धरवलं नाही. लुगडं भिजलं. फरशी भिजली. सारे पाहत होते.

"स्वच्छता नाही, म्हणून हे रोग होतात तुम्हा लोकांना. पुसून घ्या."

मी पुसलं. गुडघे टेकून, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं. अन् घरी येऊन तिलेच म्हटलं, "नीट धुत जाय न व." डॉक्टरपेक्षा माझं बोलणं तिले जास्त लागलं असंल.

पुढं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं तिची बोटं पाहिली, गालावरचे लाल चट्टे पाहिले, रक्त तपासलं. "आजोबा, तिचं रक्त तिच्याच अंगावर उलटलंय. सांधे अन् लघवीची पिशवी, दोन्ही त्याच आजारानं सुजलेत." मी म्हटलं, लिहून द्या. तिनं कागदावर मराठीत लिहिलं. गोळ्यांनी आग निवली. पण लघवी तुंबवू नका, पाणी भरपूर प्या, असं सांगितलं होतं. बाजारात कशी पिणार? किडन्या तर आधीच खराब झालेल्या.

त्या सांजेची मेथी बाजारात गेलीच नाही. पहाटे तिले ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याच सांजेले जाळली.

सुतकातल्या माणसानं दुसऱ्याचा उंबरा ओलांडू नये. मी दुसऱ्या सकाळीच मालेगावच्या त्या दवाखान्यात गेलो. कागद टेबलावर ठेवला.

"मोठ्यानं वाचा."

"काका, बाहेर थांबा."

"तवा मोठ्यानं बोलले होते न? आता हे बी साऱ्यायले ऐकू द्या."

तो वाचेना. मग मीच बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं. "हा आजार घाणीमुळे झालेला नाही."

मी आतल्या संडासाची कडी काढली. रांगेतल्या बायकायले म्हटलं, "जा माय. कोन हटकते ते पाह्यतो."

एक म्हातारी उठली. मी दुपट्टा अंथरून दाराशी बसलो. तोच दुपट्टा. आता तो कोणाची फरशी पुसणार नाही.