होळीत गेलेला ओंडका

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितोय. हातांना अजून राखेचा वास येतोय.

पोलादपूरला माझं डेंटिंगचं गॅरेज आहे. जीपची मडगार्डं घडवायला मी चिंचेच्या ओंडक्यात वाटी कोरली होती. तिच्यात पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकला की गोलाई येते. वाटी जरा उथळच होती, पण काम चालायचं.

आज सकाळी ओंडका गायब. शेजारचे काका म्हणाले, "काल वाडीवाल्यांनी होळीला नेला. आता भांडू नको रे, होळीचं लाकूड परत मागायचं नाय."

रीत मलाही माहीत आहे. पण मडगार्ड अर्धं झालेलं आणि जीपवाला दुपारी येणार होता.

काकांबरोबर होळीपाशी गेलो. ओंडका राखेत धुमसत होता. चिंच सहजी जळत नाही, पण निखाऱ्यांनी वाटी चांगली बोटभर खोल केली होती.

काका म्हणाले, "जळून उरलं ते कोणीबी न्यावं."

पाणी मारून आणला, कोळसा खरवडला आणि पत्रा ठोकायला घेतला. इतकी बरोबर गोलाई आजवर कधी आली नव्हती.

आता सांगा, पुढच्या शिमग्याला ओंडका कुलपात ठेवू, की बाहेरच राहू दे?