आरसे दोन

आमच्या बोटिंग क्लबातले किस्से खाडीतल्या गाळासारखे आहेत. रोज थोडे साचतात आणि एक दिवस माणूस गुडघाभर रुततो! निम्मे माझेच, कारण मी दचकते. फोन वाजला तरी. आणि अशा मला क्लबच्या सेक्रेटरी सरांनी सांगितलं, "बोट बंद पडली तर लांबून कुणाला तरी दिसेल, मदत येईल, असं सामान तू निवड. रविवारच्या फेरीच्या आत!" माझ्या यादीवर सहा माणसांचा जीव! दोन दिवस धड जेवले नाही.

*

पहिला, हातात धरून पेटवायचा फ्लेअर, म्हणजे लालभडक जाळाची नळकांडी. ठाण्याच्या जेट्टीवर उभी राहून मी त्यावरच्या सूचना मोठ्याने वाचत होते. मागे क्लबातल्याच नीताने वेफर्सचं पाकीट फोडलं. फट्! फ्लेअर थेट खाडीत.

सर शांतपणे म्हणाले, "संकट यायच्या आधीच सिग्नल बुडवलास!"

*

दुसरा, केशरी धुराचा डबा. मी सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. कसला भारी धूर! पण नीता पडली डोंबिवलीची, केमिकल कारखान्यांशेजारी वाढलेली.

"अगं, असा रंगीत धूर दिसला की आम्ही खिडक्या लावून घेतो. मदतीला कोण येतंय!"

*

तिसरा, केशरी झेंडा. जेट्टीवरून जीव खाऊन हलवला. समोरून कोळ्यांची होडी चाललेली, तिच्यावरही झेंडा. त्यांनी तो काढला, आमच्यापेक्षा जोरात हलवला आणि हसत पुढे गेले!

*

तरी तिन्ही यादीत लिहिले. खाली बारीक अक्षरात चौथा, आरसा. उन्हात त्याची तिरीप लांब जाते.

"बुडताना पावडर लावणारेस का?" नीता म्हणाली. सगळे खो खो हसले. सरांनी आरसा खोडला. मी गुपचूप माझा छोटा आरसा पर्समध्ये ठेवला.

*

रविवारी भर दुपारी, भर खाडीत इंजिन बंद! ओहोटी लागलेली, बोट गाळाकडे ओढली जात होती. जेट्टीवर फोन उचलेना कुणी. सरांनी सिग्नलची पिशवी उघडली. आत नीताची भेळ! सिग्नलची, तशीच दिसणारी पिशवी जेट्टीवर राहिलेली.

मी आरसा काढला. उन्हात धरून वेडावाकडा हलवला, तिरीप पाण्यावर नाचायला लागली. लांब जाळं टाकून बसलेले एक कोळी काका ताडकन उठले, होडी वळवली आणि सरळ आमच्या अंगावर आले.

"कोन गो ती, डोल्यांत आरसा मारते? मना जालाबी दिसं ना!"

भांडायलाच आलेले! मी अशी दचकले की आरसा डुबुक.

काकांनी आमच्याकडे बघितलं, गाळाकडे बघितलं आणि दोर फेकला.

जेट्टीवर उतरल्या उतरल्या सरांनी यादी मागितली. फ्लेअरच्याही वर, ठळक अक्षरात लिहिलं, "आरसे दोन." नीताने विचारलं, "दोन कशाला?"

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "एक चमकवायला, एक दचकायला."