लेकीच्या गालातली काडी

हसायचं तर हसा, पण चहा संपल्यावर. असा गाढवपणा मी एकदाच केलाय, आणि तो करताना मला वाटत होतं, आपल्यासारखा शहाणा बाप अख्ख्या दिवा गावात नाही!

आमचा पहिला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. कशानं, ते कुणालाच सांगता आलं नाही. दोन वर्षांनी कल्याणच्या एका प्रसूतिगृहात मुलगी झाली. घरी आणली, तरी आनंदापेक्षा धाकच जास्त. सुजाता, माझी बायको, पोळी तव्यावर टाकून यायची आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

अशात ठाण्याच्या एका हॉस्पिटलातून एक मॅडम आल्या. तिथं नवजात बाळांच्या डीएनएवर संशोधन चाललेलं. घराण्यातून कुठला आजार उतरतो, ते शोधायचं.

"सुई टोचणार?" सुजातानं आधी हेच विचारलं.

"सुई नाही, रक्त नाही. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, बस."

पण बाळ नुकतंच दूध प्यालेलं. तासभर थांबणं भाग, आणि मॅडमना पुढं खडवलीला जायचं होतं. म्हणून काडी आणि नळी माझ्या हातात देऊन त्या समजावू लागल्या. त्या बोलत होत्या, मी मान हलवत होतो.

"जमेल ना तुम्हाला?"

"मॅडम, मी लिफ्ट दुरुस्त करतो. काडी काय चीज आहे!"

खरंच असं बोललो हो!

नमुना गेला. काही आठवड्यांनी मॅडमचा फोन.

"सर, बाळ मुलगा आहे की मुलगी?"

"मुलगी."

"नक्की?"

आता सांगा, बापाला हे विचारतात?

"नाही, म्हणजे नमुन्यात पुरुषाचा डीएनए दिसतोय. काहीतरी गडबड झालीय, मी जरा..."

पुढचं मी ऐकलंच नाही. डोक्यात एकच घंटा. मूल बदललं! आमचा मुलगा दुसऱ्याच कुणाच्या घरी, आणि ही दुसऱ्याची!

"अरे मेल्या, नाक बघ तिचं," आई ओरडली, "तुझ्यासारखंच नकटं आहे!"

"आई, सायन्स नाक बघत नाही!"

बाळाला घेऊन आम्ही रिक्षात बसलो. शीळफाट्याला गाड्या अशा तुंबलेल्या, की पाऊण तास जागचे हललो नाही. सुजाता मुलीला छातीशी घट्ट धरून बसलेली.

"ही परत द्यावी लागली तर?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आणि आपला जिथं असेल, तिथं त्याच्या नाकाखाली कुणी बोट धरत असेल का हो?"

मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत बसलो. दुसरीकडे बघायची हिंमतच नव्हती.

प्रसूतिगृहात शिरलो तो ओरडतच. "माझा मुलगा कुठंय?" बाकावरच्या बायका पोटावर हात धरून उठल्या. एक वयस्कर सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं.

"भाऊ, त्या आठवड्यात आमच्याकडे एकच बाळंतपण झालं. तुमचं. बदलणार कुणाशी?"

घरी आल्यावर सुजातानं आधी बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. नवी काडी माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "तुम्ही कसं केलेलं, करून दाखवा."

मी ऐटीत पाकीट फाडलं. काडी आधी स्वतःच्या तोंडात घातली, जिभेवर चांगली घोळवली, आणि बाळाकडे वाकलो.

"थांबा! हे काय?"

"ओली केली, मॅडम. कोरडी काडी, एवढासा गाल. टोचली असती ना तिला."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. सुजाता हसली. हसता हसता रडायला लागली, आणि बाळाला उचलून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मग मॅडमनी स्वतःच्या हातानं दुसरा नमुना घेतला. मुलगी आता रांगते, अंगानंही भरलीय. मुलगा कशानं गेला, ते मात्र अजून सापडलेलं नाही. शोधतायत.

दुसरा नमुना घेतला त्या दिवशी मॅडमनी नवा फॉर्म भरला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नमुना घेताना वडिलांना खोलीबाहेर उभे करणे.'

आणि खाली संमतीची सही माझीच घेतली!