भाऊजींनी सांगितलेली बाग

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर बस चालवत आले आणि घरातही ते बसच चालवतात. खुर्चीतून उठायच्या आधी "उठतोय" म्हणणार, वळायच्या आधी "स्वयंपाकघरात जातोय" म्हणून सांगणार, दारातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना बघणार. डेपोत त्यांना सगळे 'इंडिकेटर' म्हणायचे. मी तोंडावर भाऊजी म्हणते, पाठीमागे इंडिकेटरच.

असा सांगून वळणारा माणूस यंदा एका साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देईना, तेव्हा माझं डोकं फिरलं.

प्रश्न होता फुलांच्या बागेचा. आमच्या शहराबाहेर, बसने सकाळी निघालं तर उन्हं तापायच्या आत पोचता येईल, अशी ती प्रसिद्ध बाग. वसंतातले थोडेच आठवडे उघडी असते आणि तेवढ्यात अर्धं जग तिथे लोटतं. भाऊजींची बस पर्यटकांची. हंगामात रोज सकाळी माणसं भरून न्यायची, संध्याकाळी परत आणायची. म्हणजे बाग उघडी तेव्हा भाऊजींना सुट्टी नाही, आणि भाऊजींना सुट्टी तेव्हा बागेत नुसती माती! मी ताईला कितीदा म्हटलं, "चल, आपण दोघी जाऊन येऊ." तर म्हणायची, "ह्यांच्याशिवाय? छे गं. रिटायर झाले की जाऊ आम्ही. आणि मला तशी बाग पाठच आहे."

ते मात्र खरं होतं. हंगामात भाऊजी घरी आले की ताई पडद्यांची शिलाई बाजूला सारायची, आणि भाऊजी तिला बाग सांगायचे. आज पिवळे ट्युलिप उघडले. आज टेकडीमागचा तो निळ्या फुलांचा पट्टा बघतच राहावा असा होता, नदीच वाहतेय जशी. हायसिंथचा वास इतका की माणसं आधी वासाने थांबतात, फुलं मागाहून दिसतात. एरवी हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलणारा. पण बाग निघाली की गाडी सुसाट. ताई हनुवटीला हात लावून ऐकायची आणि मी मनात म्हणायची, नवरा असावा तर असा.

तर भाऊजी हिवाळ्यात रिटायर झाले, वसंत आला, बाग उघडली आणि ताईने चालायचे नवे बूट आणले. ते चावू नयेत म्हणून ती ते घालून शिलाई मशीनवर बसायची. बेत आखायचं काम अर्थात माझ्याकडे, कारण आमच्या घरात बेत आखता येतो तो फक्त मला. मी दातांच्या दवाखान्यात फोनवर बसते. दिवसभर लोकांना वेळ देते.

"भाऊजी, मंगळवार धरू?" मी विचारलं.

"मंगळवारी ढग आहेत म्हणतात."

"मग शनिवार?"

"शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. मला विचार."

"पुढचा सोमवार?"

"ट्युलिप अजून कळीत असतील गं. उगाच कशाला?"

थांबले बाई आठवडाभर. तर म्हणतात, "आता फुलं जुनी झाली असतील." म्हणजे गेल्या आठवड्यात कळ्या आणि या आठवड्यात म्हाताऱ्या! मधल्या वेळात कुणाला न सांगता उमलून गेल्या का? दाढ काढायला घाबरलेला माणूस फोनवर कधी "मी घाबरलोय" म्हणत नाही. तो म्हणतो, या आठवड्यात पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. भाऊजींचा सूर तंतोतंत तोच होता. पण घोडं पेंड कुठे खातंय, ते काही कळेना.

मग एके दिवशी गेले तर ताई चपला घालून मशीनवर. बूट खोक्यात परत.

"असू दे गं," ताई म्हणाली. "त्यांना वीट आला असेल त्या रस्त्याचा. आयुष्यभर तिथेच तर गेले. आपण का मागे लागायचं?" आणि मान खाली घालून पडद्याची कड दुमडायला लागली. माझी बहीण सहसा काही मागत नाही. मागितलं ते एवढंच, तेही इतकी वर्षं थांबून. मला इतका राग आला की विचारू नका.

भाऊजी गॅलरीत नळाची चावी घट्ट करत बसले होते. मी दार लोटलं आणि समोर उभी राहिले. "भाऊजी, कुठे दुखतंय ते नीट सांगा."

"काही नाही."

"ताईने बूट खोक्यात ठेवलेत. माहितीये?"

त्यांच्या हातातला पाना थांबला. मग म्हणाले, "मी आत गेलोच नाही कधी."

"कुठे आत?"

"बागेत."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा फस्सकन हसू आलं. "अहो, इतकी वर्षं रोज जात होतात की!"

"फाटकापर्यंत. सुरुवातीला बस सोडून जायची परवानगी नव्हती. पुढे मिळाली, तर पहाटे उठलेलो असायचो, दुपारी डोळा लागायचा. आणि नंतर घरी एवढं सांगून झालं होतं की आत जायचीच भीती वाटायला लागली."

"मग ते ट्युलिप, तो वास, ती निळी नदी?"

"माणसं परत येतात ना बसमध्ये. बोलतात. मला ऐकू येतं." ते अगदी खालच्या आवाजात बोलत होते. "त्यातलं जे बरं वाटायचं ते हिला सांगायचो. ही खूश व्हायची. आता तिथे जाऊन ही विचारणार, दाखवा ती नदी. कुणा प्रवाशाने सांगितलेली गोष्ट ती. असेल, नसेल. हिला वाटेल, नवऱ्याने जन्मभर थापा मारल्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकला होता. पण रोज कळशापर्यंत जाऊन बाहेरून परत येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. चिडावं की हसावं? शेवटी म्हटलं, "हे बघा, जायचं तर आहेच. बाकीचं मी बघते."

आणि शिकवणी सुरू झाली. मी फोनवर बागेचा नकाशा काढला आणि ताई दुकानात गेली की भाऊजींकडून पाठ करून घ्यायला लागले.

"फाटकातून आत गेल्यावर?"

"कारंजं."

"मग?"

"डावीकडे काचघर."

"आणि तोंड कसं ठेवायचं?"

"कसं?"

"कंटाळलेलं! रोज बघितल्यासारखं. आ वासायचा नाही."

भाऊजींनी तोंड कंटाळलेलं केलं. दाढेत सिमेंट भरून घेतलेला माणूस असाच दिसतो, पण म्हटलं चालेल. नकाशात नदी काही सापडेना. "विचारलं तर सांगा, या वर्षी लावली नसेल," मी म्हटलं. तिकिटं मीच काढली, आत शिरायची वेळ छापलेली. आता ढग येवोत नाहीतर पाहुणे. ताईने खोक्यातून बूट काढले आणि त्या दिवशी मशीनवर बसून गुणगुणत होती. भाऊजी माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मीच त्यांना फासावर चढवतेय.

जायच्या दिवशी बस दुसराच कुणी चालवत होता आणि भाऊजी खिडकीशी. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. बागेशी पोचलो, मी आणि ताई उतरून गर्दीबरोबर फाटकापर्यंत गेलो, मागे वळून बघते तर भाऊजी नाहीत. परत धावत गेलो. सगळी बस रिकामी आणि हे आपले जागेवर शांत बसलेले!

"अहो, उतरा की!" ताई म्हणाली.

"हो हो," म्हणत दचकून उठले. "सगळे उतरले का ते बघत होतो."

ताई हसून हसून बेजार झाली. मी मनात म्हटलं, कपाळ माझं, सुरुवातच अशी.

आत मात्र भाऊजींनी शिकवणीचं चीज केलं. "हे कारंजं," हात न हलवता म्हणाले. "हे काचघर." तोंड सिमेंटचं. दोन्ही बाजूंना लाल, केशरी, जांभळे ट्युलिप नुसते उसळत होते आणि हा माणूस पाहणी करायला आलेल्या साहेबासारखा चाललेला. ताईचं लक्ष फुलांकडे. मला वाटलं, जमलं.

"आणि ती नदी?" ताईने विचारलं.

"या वर्षी बहुतेक..." भाऊजींनी सुरुवात केली, आणि आम्ही टेकडीमागे वळलो.

झाडांच्या मधून निळ्या फुलांचा पट्टा वळत वळत खाली गेला होता. कडेला पांढरी फुलं, वारा आला की सगळं एकदम हलायचं. काय सांगू, पाणीच वाहत होतं.

"अरे!" भाऊजी मोठ्याने ओरडले. "हे खरंच आहे की!"

झालं. ताई थांबली. तिने फुलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्यांचं तोंड उघडंच होतं आणि डोळे असे, की या माणसाने हे कधी पाहिलेलं नाही हे कुणा आंधळ्यालाही कळलं असतं.

"खरंच आहे म्हणजे?" ताईने विचारलं.

भाऊजींनी सगळं सांगितलं. तिथेच उभ्या उभ्या, लोक बाजूने फोटो काढत असताना. परवानगी, झोप, प्रवासी, भीती. शेवटी म्हणाले, "मी तुला फसवलं गं."

मध्ये पडून काहीतरी बोलावं, तर उचलली जीभ टाळ्यालाच चिकटली.

मग ताईने विचारलं, ते भलतंच.

"म्हणजे दुपारी तुम्ही बसायचात कुठे?"

"बसमध्येच."

"आणि जेवायचात?"

"बसमध्ये. डबा मांडीवर घेऊन. ऊन आलं की खिडकीला टॉवेल लावायचो."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मी इकडे शिवत बसायचे ना," ती म्हणाली, "जेवायची वेळ झाली की मला रोज वाटायचं, आत्ता हे त्या फुलांत बसून माझ्या हातचं खात असतील. म्हणून मला इथे यायची घाई नव्हती कधी. म्हटलं, एकाला तरी मिळतंय. आणि तुम्ही तिथे, त्या तापलेल्या बसमध्ये, टॉवेल लावून..." मग एकदम चिडली. "आत यायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

मलाही रडू फुटलं, खोटं कशाला बोलू.

ताईने पदराने डोळे पुसले, झाडाखालचं एक बाक रिकामं झालं होतं तिथे तरातरा गेली, पिशवी उघडली आणि डबा काढला. आत्ताच तर घरून पोटभर खाऊन निघालो होतो. आजूबाजूला कुणीही जेवत नव्हतं.

"बसा इथे," ती म्हणाली. "तिकडे तोंड करा, फुलांकडे. आणि जेवा."

भाऊजी बसले. ताई शेजारी बसून त्यांना वाढत राहिली, आणि भूक नसताना त्यांनी सगळा डबा संपवला.