टेबलाची कड

माझा गोंदियात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे आणि घर फुलचूरला. लग्नसराई नसते तेव्हा मी घरातल्या वस्तू खिडकीजवळ मांडून फोटो काढतो. त्यांतले काही चांगल्या जाड कागदावर छापून, फ्रेम करून शहरातल्या एका प्रदर्शनात लावायचं ठरलं होतं.

माझा सगळ्यात लाडका फोटो मोहफुलांचा. चिचगडहून आणलेली फुलं, पितळी गडवा आणि खाली सागवानी टेबल. कॉम्प्युटरवर तो दुरुस्त करताना टेबलाची पुढची कड मधोमध वर आल्यासारखी दिसली. लेन्सचा दोष असेल म्हणून मी ती खाली दाबून सरळ केली आणि फाइल नागपूरला छापायला पाठवली.

प्रिंट आली, तर फुगवटा तसाच. मी छापणाऱ्याला फोनवर चांगलंच सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, तुमच्या फाइलमध्ये आहे तेच छापलंय, आणि कड वर नाही, मध्ये दबलेली आहे.

मी बायकोला बोलावून प्रिंट दाखवली. तिने एकदाच पाहिलं.

"कड मधात खाली गेली ना. असं काऊन करून राहिले तुम्ही?"

फोटो पारखताना उजवा डोळा मिटायची माझी जुनी सवय. तिचं ऐकून मी डोळा बदलला. उजव्या डोळ्याला कड दबलेली दिसली, ती म्हणत होती तशी. पुन्हा डाव्याने पाहिलं, तर वर आलेली. मग दाराची चौकट पाहिली. तीही वाकली. खिडकीचे गज, भिंतीवरचं कॅलेंडर, जिथे नजर नेली तिथे रेघ वाकायची. मी खुर्चीत बसलो आणि बायकोला म्हणालो, "मूळ फोटो बरोबर होता. माझाच डोळा गेला."

ती गाडीची किल्ली घेऊन आली.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकून बसवलं, तेव्हा समोरची माणसं पुसट होत गेली. आंधळेपण असंच येत असेल, असं वाटत राहिलं. डॉक्टर म्हणाले, "पर्दे के नीचे पानी आया है. अक्सर अपने आप सूखता है. पर गॅरंटी नहीं." डाव्या डोळ्याच्या पडद्याखालचं हे पाणी फाइल पाठवल्यावर आणखी वाढलं असणार, म्हणून प्रिंटमधली दाबलेली कडही मला वरच दिसली. वर त्यांनी काळजी न करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर मी रोज सकाळी अंथरुणातच उजवा डोळा झाकायचो आणि वरचा पंखा पाहायचो. पाती वाकडीच दिसायची. लग्नांत उजव्या डोळ्याने कॅमेरा चालवला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम कोणी दिलं असतं?

मोहफुलांची फाइल मी मूळ फोटोपासून पुन्हा केली. कडेला हात लावला नाही. रंग आणि सावल्या ठरवताना बायको शेजारी बसायची. "आता राहू द्या," ती म्हणाली की मी थांबायचो.

प्रदर्शनात ती प्रिंट फिकट पांढऱ्या पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये लागली. लोक जवळ जाऊन फुलं पाहत होते. तोवर पाणी बरंच सुकलं होतं, पण डाव्या डोळ्याला कड अजून केसभर वाकलेली दिसायची. तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक निघून जाईल, परत येऊही शकतं.

ते "येऊही शकतं" ऐकल्यापासून मी एका डोळ्याने फोटो पारखत नाही.