लेखिकाबाईंची पायपीट

लेखिकाबाईंच्या पुस्तकांतली जनावरं भयंकर चालतात. मुंगी डोंगर चढते, गोगलगाय नदी ओलांडते, एका लंगड्या गाढवाने तर तीन भागांत अख्खी पृथ्वी पालथी घातली आहे. बाई स्वतः मात्र कोपऱ्यावरच्या पोस्टात जायचं झालं तरी कुणाची स्कूटर रिकामी आहे का बघणार. अशा बाईंनी साठीला टेकल्यावर एके दिवशी जाहीर केलं, "या सुट्टीत मी समुद्राच्या काठाकाठाने पायी जाणार. चांगले पंधरा दिवस. आणि वहिनी, तूही येणार." तेव्हा वहिनीने हातातली भाजी खाली ठेवली आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

ताप बीप काही नव्हता. बाई घाबरल्या होत्या, एवढंच. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आता नणंद-भावजय दोघीच. वहिनीचा मुलगा लांब दुसऱ्या देशात नोकरीला. "आई, आता कायमची इकडेच ये, तुझी खोलीसुद्धा तयार आहे," म्हणून त्याने धोशा लावला होता, आणि वहिनीने "ही सुट्टी संपली की सांगते" असं कबूल करून टाकलं होतं. बाईंना फक्त "जाऊ नकोस" एवढंच म्हणायचं होतं. तीस पुस्तकं लिहिणाऱ्या बाई, पण एवढं काही तोंडातून निघेना. घरात नाही जमत, तर चालता चालता जमेल, असा त्यांचा हिशेब.

वहिनी नवी नवरी होऊन आली तेव्हा बाई शाळेत जात होत्या, म्हणून वहिनी त्यांना आजही अगं-तुगं करते. रागावली की मात्र "वन्सं" म्हणते आणि थेट "तुम्ही"वर येते. त्या वेळी शहाण्या माणसाने मुकाट ऐकून घ्यावं. जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई ती; तिचं बोलणंही तसंच, जेवणानंतर दिवसातून दोनदा, पाण्याबरोबर. बाईंची प्रत्येक गोष्ट छापायला जाण्याआधी तिच्या कानावरून जाते. लसूण सोलता सोलता ती ऐकते आणि निकाल देते. एक तर "चालेल", नाहीतर "पोरं झोपतील". त्यावर अपील नाही.

पहिल्याच मुक्कामी वहिनीने बाईंची सॅक पलंगावर उलटी केली. दुर्बीण निघाली, समुद्रपक्ष्यांवरचं विटेएवढं पुस्तक निघालं, आणि सगळ्यांच्या खाली एक उशी.

"ही कशाला गं?"

"मला परकी उशी चालत नाही."

"आणि ओझं चालतं? नऊ मैल तू ही पाठीवर आणलीस? धन्य आहे!" उशी आणि पुस्तक दोन्ही खाणावळीच्या मालकिणीकडे ठेवायला गेली. त्या बदल्यात वहिनीने तिच्या गुडघ्याचं दुखणं विचारून घेतलं आणि कुठली गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही हेही दटावून सांगितलं. पुढे प्रत्येक मुक्कामी हेच. वहिनीने चार दिवसांत अर्धा किनारा तपासून टाकला.

बाईंचं मात्र पाऊल पुढे आणि गाडी जागच्या जागी. टाचांना फोड आले. खाऱ्या वाऱ्याने धुरकटलेल्या काचांच्या त्या लहान लहान खोल्यांत, खुर्चीच्या पाठीवर दोघींचे मोजे वाळत असताना, बाई रोज संध्याकाळी मनाचा हिय्या करायच्या. "वहिनी," म्हणायच्या. "काय?" वहिनी विचारायची. "काही नाही, मलम कुठंय?" झालं! असं करता करता मलमाची नळी संपत आली.

सुट्टी सरत आली तेव्हा बाईंना एक युक्ती सुचली. आता या युक्तीचं काय सांगावं! ओहोटीला खडकांत साचलेल्या पाण्यात त्यांना एक शंखातला खेकडा दिसला. त्याच्या शंखावर समुद्रफूल नावाचा फुलासारखा एक जीव बसला होता. खेकडा जाईल तिकडे फुलाची वरात. बाईंचे डोळे चमकले. पुढच्या चढावर, बाकावर टेकल्या टेकल्या, त्यांनी सुरुवात केली.

"वहिनी, नवी गोष्ट ऐक. एक असतो खेकडा, आणि त्याच्या पाठीवर एक फूल. दोघं किती वर्षं बरोबर राहतात. एक दिवस खेकड्याला लांबून बोलावणं येतं, की इकडे ये, इकडे मोठा शंख आहे. फुलाला काही बोलता येत नाही बिचाऱ्याला..." इथे बाईंचा आवाज जरासा कापला. "मग? खेकड्याने काय करावं, तुला काय वाटतं?"

वहिनीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, चार घोट घेतले आणि नीट विचार केला.

"जावं त्याने."

"अं?"

"जाऊ दे की खेकड्याला. मोठा शंख मिळतोय. आणि त्या फुलाला जरा स्वतःच्या पायावर उभं कर, पोरांना काहीतरी बोध नको? फक्त शेवट रडका करू नकोस. बाकी चालेल."

चालेल! तीस वर्षं ज्या शब्दासाठी बाईंनी जीव टाकला, तो आज ऐकून त्यांना रडू कोसळायचं बाकी राहिलं. स्वतःच्याच हाताने धोंडा पाडून घेतला होता पायावर, फोडांवर नेमका. तरातरा पुढे निघाल्या. मागून वहिनी "अगं, बूट बांध" म्हणून ओरडली, तेही ऐकलं नाही. त्यांच्या कुठल्याही गाढवाने इतक्या वेगाने चालून दाखवलं नसेल.

पण रुसून माणूस जाणार कुठे? पुढे वाट खाडीने अडवली होती. पाणी उतरल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. मागून वहिनी आली आणि दोघी वाळूवर बसल्या, मध्ये हातभर जागा सोडून. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. मुलगाच होता.

"हो रे, चाललोय. हो, सांगते म्हटलं ना! थोड्या वेळाने करते फोन." तिने फोन मांडीवर ठेवला. तो काळाकुट्ट चौकोन बाईंना बघवेना.

"वहिनी, एक असतो..."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "आता पुन्हा खेकडा काढलात तर मी भर पाण्यातून चालत जाईन. तुमची गोष्ट मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

बाई तिच्याकडे वळल्या. "मग जाऊ दे असं का म्हणालीस?"

"तुम्ही गोष्टीतलं विचारलंत, मी गोष्टीतलं सांगितलं."

"जाऊ नकोस," बाई म्हणाल्या. एकदा तोंड उघडलं तसं मग थांबेना. "नको जाऊस गं. मला नाही राहता येणार. स्वार्थीपणा आहे, ठाऊक आहे मला. मुलगा आहे तुझा, नात आहे, सगळं कळतं. तरी नको जाऊस."

वहिनीने बुटातली वाळू झटकली.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "जेव्हा बघावं तेव्हा 'वहिनी, तुला हवं तसं कर, वहिनी, तुझ्यावर काही बंधन नाही.' इतकी मोकळीक कुणाला देतात गं? पाहुण्याला. घर तुझ्या आईवडिलांचं. ज्याचा हात धरून आले तो गेला. मग मी कोण तिथे? म्हटलं, हिने तोंडाने 'जा' म्हणायच्या आत आपणच निघावं."

आता बाईंना उलगडलं. आपण मन मोठं करतोय म्हणून जे जे बोललो, ते ते हिला दार दाखवल्यासारखं वाटत होतं! "अगं वेडे," एवढंच त्यांना म्हणता आलं, आणि ती मधली हातभर जागा सरकून त्यांनी वहिनीचं मनगट घट्ट धरलं.

वहिनीने दुसऱ्या हाताने फोन लावला.

"हां, ऐक. सुट्टीत येईन, महिना-दोन महिने राहीन, नातीला झोपवीन. कायमची नाही." पलीकडून मुलगा काहीतरी समजावत असावा. वहिनी आधी ऐकून घेत होती, मग तिने कपाळाला आठ्या घातल्या, आणि आवाज असा चढवला की खाडीपलीकडच्यालाही ऐकू जावं. "अरे, मी काय करू? तुझी आत्या सोडतच नाही मला!"